बोगद्यातला वाटा

१

आमच्या पाटावर एकतीस घरं आहेत. पाणी एकतिसांनाही हवं असतं, गाळ मात्र एकालाही नको असतो, आणि या दोन गोष्टींच्या मधोमध मी बसतो. मला पाटकरी म्हणतात. नदीवरच्या दाराचं चाक फिरवायचं, कोणाच्या चारीत किती वेळ पाणी जातं ते बघायचं आणि शिव्या खायच्या, हे माझं काम. शिव्यांची सवय होते. हल्ली कोणी गोड बोललं तर मलाच वाटतं, याच्या मनात काहीतरी आहे.

लागवडीआधी आठ दिवस दार बंद करून सगळ्यांनी मिळून पाट साफ करायचा, हे पहिल्यापासून चालत आलेलं. प्रत्येक घराचा वाटा ठरलेला. या झाडापासून त्या दगडापर्यंत तुमचा, त्या दगडापासून वळणापर्यंत त्यांचा. प्रत्येक घरातून एक माणूस यायलाच हवा आणि तो घरचाच हवा, मजूर पाठवलेला चालत नाही. ज्या घराचा माणूस आला नाही त्या घराला त्या वर्षी पाणी नाही. आमच्या घराच्या वाट्याला टेकडीखालचा बोगदा आहे. दोनशे पावलं लांब, वाकून चालता येईल एवढा उंच, एकशेदहाव्या पावलाला वळण. आजोबांनी चिठ्ठी उचलली तेव्हा हा वाटा निघाला, आणि त्यानंतर म्हणे दोन दिवस ते घरात कोणाशी बोलले नाहीत.

दाराशेजारी माझी खोली आहे. तिच्या बाहेरच्या भिंतीवर एक फळी, फळीला एकतीस खिळे. पाटात उतरताना प्रत्येकाने आपल्या घराची लाकडी चकती खिळ्याला अडकवायची, वर आलं की काढून घ्यायची. फळी रिकामी झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. आणि ज्याची चकती, त्याचाच हात. दुसऱ्याच्या चकतीला कोणीही हात लावायचा नाही. पाटकऱ्याने तर नाहीच नाही.

गेल्या वर्षी आठव्या दिवशी दुपारी फळी रिकामी झाली, मी दार उघडलं, आणि माझा थोरला भाऊ बोगद्यात होता.

२

लोक म्हणतात, दादाने चकती काढली आणि दोन फावडी गाळ राहिला म्हणून कोणाला न सांगता परत आत गेला. हकनाक गेला, म्हणतात. चांगला माणूस, पण नको तिथे चिकटपणा नडला, असंही म्हणतात. वर्षभर मी ते ऐकतोय आणि मान हलवतोय.

खरं एवढंच आहे. त्या दुपारी दादा बोगद्यातून बाहेर आला, पाय धुतले, माझ्याबरोबर चहा प्यायला. मी विचारलं, "झालं?" तो म्हणाला, "झालंच म्हण." फळीवर त्याची एकट्याची चकती उरली होती. गावाकडच्या वाटेवर बाकीचे तीस जण ताटकळत उभे होते आणि माझ्या नावाने बोटं मोडत होते. दादा खाली पाटाकाठी चपला शोधत होता. त्याला पुन्हा वर यायला नको म्हणून मी उठलो आणि त्याची चकती काढून खिशात टाकली. त्याने ते पाहिलं नाही. मी चाकाला तेल घालायला वळलो. तो घरी गेला असं मला वाटलं. आपली चकती फळीवर आहे म्हणजे दार उघडणार नाही, असं त्याला वाटलं असणार.

मी हे कोणाला सांगितलं नाही. पहिल्या दिवशी तोंडातून शब्दच फुटला नाही, दुसऱ्या दिवशी लोकांनी आपापसात ठरवून टाकलं होतं, आणि तिसऱ्या दिवसापासून उशीर झाला होता.

मी लग्न केलं नाही, म्हणजे जमलं नाही. जेवायला मी पहिल्यापासून वहिनींकडेच. दादा गेल्यावरही त्यांनी माझं ताट बंद केलं नाही. मुलगी शहरात नर्सिंग शिकते, त्यामुळे घरात त्या एकट्या आणि जेवायच्या वेळेला मी. वाढता वाढता त्या त्याच्यावर रागवायच्या. "दोन फावडी गाळ, भावजी. दोन फावड्यांसाठी माणूस परत जातो? बायको आहे, पोर आहे, याचा विचार नको?" कधी रडत, कधी नुसत्या पुटपुटत. मी खाली मान घालून जेवायचो. एकदाही घास अडकला नाही माझ्या घशात, हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

३

यंदा बोगद्यात उतरायचं कोणी, हा प्रश्न आला. साफसफाईच्या आठ दिवसांत दिवसा पाटकऱ्याने दार सोडायचं नसतं, तेव्हा मी बाद. गवंडी म्हणाला, एक वर्ष या घराला सूट द्या. गवंडी आमच्यात वयाने मोठा, त्याचं कोणी मोडत नाही. पण वहिनींनी मोडलं.

"आमच्या घराचा वाटा आमचं घर काढेल," त्या म्हणाल्या. "ह्यांनी अर्धवट सोडलं असं कोणी म्हणायला नको."

पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी दादाचं फावडं घेतलं, कपाळाला बॅटरी बांधली, चकती अडकवली आणि आत शिरल्या. मी दारावर उभा राहून बोगद्याच्या तोंडाकडे बघत होतो. पंधरा मिनिटांत त्या बाहेर आल्या. चिखल नाही, घाम नाही. तरातरा चालत माझ्यापाशी आल्या.

"तुम्ही काढलात?"

"काय?"

"पहिली वीस-पंचवीस पावलं लख्ख आहेत. फरशी दिसतेय खाली. भावजी, मला कोणाची दया नको आहे."

मी नाही म्हणालो. त्यांना पटलं नाही, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मलाही पटलं नसतं. संध्याकाळी मी खाली जाऊन पाहिलं. बोगद्याच्या तोंडाशी डाव्या हाताला ओल्या गाळाचा ढीग होता. ढीग नुसता टाकलेला नव्हता. वरून फावड्याच्या पाठीने थापटून सपाट केलेला होता. आमच्या पाटावर गाळ असा थापटणारा एकच माणूस होता. आम्ही त्याला चिडवायचो, केक करतोस का म्हणून.

मी स्वतःला समजावलं की बघून बघून कोणीही शिकेल. गवंड्याचा तर धंदाच थापटण्याचा.

४

दुसऱ्या दिवशी आणखी पंचवीस पावलं. तिसऱ्या दिवशी आणखी. वहिनी पहाटे उठून जायला लागल्या, कोण येतं ते पकडायला. कोणी आलं नाही, आणि गाळ निघालेला. मी एकेकाला विचारलं. गवंडी म्हणाला, माझी कंबर मला माझा वाटा काढू देत नाही, तुमचा कुठून काढू. शिंपी म्हणाला, उपकार केले असते तर सांगितल्याशिवाय राहिलो असतो का मी? ते मात्र खरं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले. मी फळी पाहिली. रिकामी. एकतीस खिळे बोट लावून मोजले. दाराच्या चाकाला साखळी घातली, कुलूप लावलं, किल्ली मुठीत धरली आणि नियम मोडून खाली उतरलो. एकदा मोडला होताच.

बोगद्याच्या तोंडाशी बसलो. आतून गार वारा येतो तिथे, उन्हाळ्यात बरं वाटतं. पाट कोरडा, पाखरू नाही, लांबवर कुठे कोणाचं इंजिन चाललेलं. आणि मग आतून आवाज आला. खर्र. मग थोडं थांबून दुसरा, मऊ. धप, धप.

मी म्हटलं, कोणाच्या तरी शेतात खणत असतील. रिकामा पाट आवाज कुठून कुठे नेतो, हे मी इतक्या वर्षांत हजारदा ऐकलंय. एकदा शिंप्याच्या घरातलं भांडण मला दारावर बसून शब्दन् शब्द ऐकू आलं होतं. मी आवाज मोजायला लागलो. सात वेळा खर्र, दोन वेळा धप. मग थोडी विश्रांती, बरोबर दम खायला लागेल तेवढी. पुन्हा सात.

"कोण आहे?" मी विचारलं.

आवाज थांबला. मी बॅटरी लावून आत गेलो. वाकून वीस पावलं, चाळीस, ऐंशी. फरशी स्वच्छ होती, सांध्यातली मातीसुद्धा कोरून काढलेली. भिंतींवर हाताच्या उंचीला ओल होती. वळणाशी पोचलो आणि पलीकडे, अगदी पलीकडे, कोणीतरी घसा साफ केला. दादा तंबाखू खायचा. तो घसा मी चाळीस वर्षं ऐकलेला आहे.

मी वळण ओलांडलं नाही. उलट फिरलो आणि डोकं छताला आपटत बाहेर पळत आलो. वहिनी संध्याकाळी कपाळावरची खोक बघून म्हणाल्या, "बघून चालत जा, आता एवढे एकच राहिलात." त्या रात्रीचं जेवण मी खाल्लं नाही, पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

५

आठव्या दिवशी पाट तयार झाला. रोपं वाफ्यात पिवळी पडत चालली होती आणि एक दिवससुद्धा थांबायची सोय नव्हती. दुपारी बाराच्या सुमारास सगळे बांधावर जमले. बोगद्याच्या तोंडापासून दारापर्यंतचा बांध अरुंद आहे, एका वेळी एकच माणूस जाईल इतका. त्यावर सगळे ओळीने उभे होते, आणि दारावरच्या फळकुटावर मी. गावाकडे जायची वाट त्या फळकुटावरूनच आहे.

वहिनी सगळ्यात शेवटी आल्या. बोगदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिला होता त्यांनी. "मी फार तर दोन दिवसांचं काम केलं असेल," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "बाकीचं कोणी केलं ते माहीत नाही. ज्याने केलं त्याचे आभार." मग त्यांनी स्वतःच्या हाताने चकती काढली. फळी रिकामी झाली.

मी चाकाला हात घातला आणि आतून आवाज आला. खर्र.

मी हात काढला.

"काय रे, जोर संपला का?" गवंडी ओरडला. दोघं-चौघं हसले.

"आत कोणीतरी आहे."

हसणं बंद झालं. अशा गोष्टीवर आमच्याकडे आता कोणी हसत नाही. गवंड्याने माणसं मोजली. तीस घरांची तीस माणसं आणि वहिनी. पुन्हा मोजली. मग वहिनींच्या कपाळाची बॅटरी मागून घेतली आणि कंबर धरत आत शिरला. आम्ही वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळाने तो टेकडीच्या पलीकडून, वरच्या पायवाटेने धापा टाकत आला.

"कोणी नाही. आरपार बघितलं मी. सोड पाणी."

"तुला ऐकू येत नाही?"

"पाणी ठिबकतंय," गवंडी म्हणाला. पण माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी पुन्हा चाक धरलं. खर्र. धप, धप. मी लोकांकडे पाहिलं. कोणी नदीकडे बघत होतं, कोणी पायांकडे. त्यांना ऐकू येत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. डबा घेऊन आलेली शिंप्याची बायको नवऱ्याचा दंड धरून उभी होती. भ्रम असेल, मी स्वतःला म्हटलं. झोप नाही, पोटात अन्न नाही, मनात पाप आहे, एवढं पुरेसं असतं माणसाला. गवंडी आरपार जाऊन आला. फळी रिकामी आहे. हे सगळं गेल्या वर्षीही असंच होतं, फळी रिकामी होती आणि बोगदा कोणी बघितला नव्हता, एवढाच फरक. चाक फिरवलं की आवाज बंद होईल. गेल्या वर्षी झालाच असणार.

माझे हात चाकावरून खाली आले ते आलेच.

"अरे, रोपं मरतील," मागून कोणीतरी म्हणालं, अगदी विनवणीच्या सुरात. "एवढं कारण तरी सांग."

६

मग मी सांगितलं.

"गेल्या वर्षी दादाने चकती काढली नव्हती. मी काढली. त्याला वर यायला नको म्हणून मी काढून खिशात टाकली. तो नियमाने आत होता. मी दार उघडलं."

एवढंच बोललो. त्यानंतर रडायचं वगैरे माझ्या मनात होतं, पण रडू आलं नाही. कोणी शिवी दिली नाही. आयुष्यभर ज्या शिव्या फुकट खाल्ल्या, त्यातली एक तरी त्या वेळी यायला हवी होती. गवंडी नुसता "अरेरे" म्हणाला आणि बांधावर खाली बसला.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. पदर खोचलेला, हातात दादाचं फावडं.

"वर्षभर मी त्यांना बोलत होते," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "रोज. त्यांच्या फोटोसमोर उभी राहून बोलले मी. पोरीला सांगितलं, तुझ्या बापाला आपल्यापेक्षा गाळ जवळचा होता. आणि तुम्ही समोर बसून जेवत होतात."

मी खाली मान घातली, रोज जेवताना घालायचो तशी.

"एक दिवस तरी म्हणायचं होतंत, वहिनी, त्याला बोलू नका. कारण नसतं सांगितलंत तरी चाललं असतं."

त्या वळल्या. फावडं बांधावर ठेवलं आणि पाटात उतरून बोगद्याच्या तोंडाशी गेल्या. एक हात वरच्या दगडावर टेकवून त्या आत वाकल्या. मी दारावर होतो, पण सांगितलं ना, रिकामा पाट आवाज नेतो. त्यांचा शब्दन् शब्द मला ऐकू आला.

"अहो," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. मला माहीत नव्हतं. झालंय सगळं काम, फार छान झालंय. आता किती कोराल? या बाहेर."

आतला आवाज थांबला.

७

पुढचं मी जेवढं पाहिलं तेवढंच सांगतो. उगाच तिखटमीठ लावणार नाही.

वहिनी तोंडापासून दोन पावलं मागे सरल्या. कोणीतरी वाकून बाहेर येतंय आणि त्याला उभं राहायला जागा हवी, तशा सरल्या. मग त्यांनी मान थोडी वर केली. दादा त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होता. मला त्यांचा चेहरा बाजूने दिसत होता. तो घाबरलेला नव्हता.

त्या बांधावर चढल्या आणि थांबल्या, पुढे कोणाला तरी जाऊ दिलं. बांधावर पहिला गवंडी बसला होता. तो उठला, अंग चोरून, पाठ झाडाला लावून उभा राहिला. त्याने वाट दिली. मग त्याच्यामागचा सरला. मग शिंपी, मग शिंप्याची बायको. कोणी कोणाला सांगितलं नाही. एकेक माणूस आपली पाळी आली की बाजूला होत होता, आणि त्याच्यापुढून काही गेलं, मागोमाग वहिनी गेल्या, की पुन्हा जागेवर येत होता. वहिनी, पूर्वी दादामागून चालायच्या तशा, दोन पावलं अंतर ठेवून येत होत्या. भर दुपार होती. मी डोळे फाडून बघत होतो आणि मला फक्त सरकणारी माणसं दिसत होती.

मग बांध संपला आणि मी उरलो.

फळकूट दीड हात रुंद आहे. मला मागे व्हायला हवं होतं. तेवढंच करायचं होतं, सगळ्यांनी केलं ते. पाय उचलेनात. माझ्यापुढे हातभर अंतरावर फळकूट खाली वाकलं. भारी माणूस उभा राहिला की वाकतं तसं, आणि तसंच वाकलेलं राहिलं. ओल्या गाळाचा वास आला. मी "दादा" म्हणालो. माफ कर म्हणायचं होतं, पण एवढ्या माणसांत, एवढ्या उशिरा, ते तोंडात आलं नाही. मी पुन्हा नुसतं "दादा" म्हणालो.

तो थांबला होता. मला बोलायला वेळ देत होता की नुसती वाट मागत होता, ते मला कळलं नाही.  शेवटी मी पाठ कठड्याला टेकवली, श्वास आत ओढला आणि बाजूला झालो. फळकूट माझ्या पायाखाली वाकत गेलं, मग पलीकडे वाकलं, मग सरळ झालं. मला त्याचा धक्का लागला नाही. लागला असता तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटतं.

वहिनी आल्या. मी अजून कठड्याला चिकटूनच होतो. त्या माझ्या अगदी जवळून गेल्या, समोर बघत. पलीकडे पोचल्यावर जरा थांबल्या, पण मागे वळल्या नाहीत. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून, बावीस वर्षं, रागात असोत की रडत असोत, त्या मला भावजी म्हणत आल्या होत्या.

"पाणी सोडा, पाटकरी," त्या म्हणाल्या आणि घराकडे चालायला लागल्या.

मी चाक फिरवलं.